चौकडी आणि सोयऱ्यांची जोडी

चंद्रपूरकडच्या मूल गावाला मी आलो नाही, मला तिथे सोडून गेले. बोअर मारणाऱ्या गाडीवर मी पाइप उचलायच्या कामाला होतो. सोलापूरकडून निघालेली ती गाडी गावोगाव जमिनीला भोकं पाडत इतकी लांब आली, की घरून निघताना पायात घातलेली चप्पल वाटेतच झिजून संपली. मूलच्या अलीकडे मला हिवताप भरला. पुढचं काम पोंभुर्ण्याकडे, जंगलात होतं. कुडकुडणारा माणूस गाडीला काय कामाचा? मिस्त्रीनं मला रस्त्याकडेच्या एका सायकल दुकानाच्या बाकड्यावर बसवलं आणि दोन दिवसांत येतो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. पण गाडी काही परत आली नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. शाळा सहावीतच सुटलेली. अक्षर मात्र बरं होतं, आणि बेरीज-गुणाकार डोक्यात बसलेले होते. बाकी डोक्यात भीतीच जास्त. उद्या कुठे झोपणार, कोण उठवणार, ताप परत आला तर काय, हेच दिवसभर चालायचं. ते अजूनही जात नाही.

सायकल दुकानवाल्या भाऊंनी मला उठवलं नाही. दुकानामागच्या खोलीत जुन्या टायरांचा ढीग सरकवून पाठ टेकण्यापुरती जागा केली, दवाखान्यातून गोळ्या आणल्या. समोर एक खानावळ होती. ती चालवणाऱ्या बाईंनी आठ दिवस मऊ भात आणि त्यावर लाखोळीच्या डाळीचं पाणी पाठवलं. बरा झाल्यावर मी पैशाचं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "आधी जित्ता त होय. मंग पाहू."

तिकडे बायाही 'मी जातो', 'मी करतो' असंच बोलतात. मला सुरुवातीला गंमत वाटायची. त्यांना माझ्या 'मला-तुला'ची वाटायची. "पुस्तकावानी बोलते हा," असं बाई गिऱ्हाइकांना सांगायच्या.

मी दुकानातच कामाला लागलो. पंक्चर काढायचं, तासावर दिलेल्या सायकली लिहून ठेवायच्या. थंडी पडली, धान कापून झालं, आणि एके दिवशी भाऊंनी माझ्यापुढे कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला.

"अक्षर चांगलं हाय ना तुझं? आता पटाचे दिवस आले. चिठ्ठ्या तूच लिवशील."

पट म्हणजे शंकरपट. मोकळ्या झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे शेताचे तुकडे, सपाट करायच्या, दोन सरळ वाटा आखायच्या, आणि हलक्या छकड्याला जुंपलेल्या दोन बैलजोड्या एकमेकींशेजारून सोडायच्या. आधी निशाणापाशी पोचेल ती जिंकली. आज या गावचा पट, पुढच्या रविवारी त्या गावचा. ज्या गावचा पट, त्या गावात प्रत्येक घरी पाहुणे. लेकी-जावई, व्याही-विहिणी, सगळे येतात. घरात पाहुणा नसला तर लोक विचारतात, काऊन गा, भांडण झालं का कोणाशी?

कोणती जोडी कोणत्या जोडीशी सोडायची ते पंच आधीच ठरवत. तोडीस तोड लावत, नाहीतर बघणाऱ्याला मजा नाही. शुक्रवारी ती यादी गावात लागायची आणि तिची नक्कल भाऊंच्या दुकानात यायची. मग लोक पैसे लावायचे. एका शर्यतीवर रुपया लावला आणि जोडी आली, तर एक रुपया ऐंशी पैसे हातात. ह्याला एकेरी म्हणायचे. पण एकेरी लावणारे थोडे. सगळ्यांचा जीव चौकडीवर. एका चिठ्ठीवर चार जोड्या लिहायच्या. चारही आल्या, तर रुपयाचे दहा रुपये. एक जरी गेली, तर चिठ्ठी गेली.

हे काम कायद्याला धरून नव्हतं, तेवढं मला कळत होतं. रस्त्यावर खाकी कपडा दिसला की माझ्या हातातला पाना खाली पडायचा. भाऊ हसायचे. म्हणायचे, "तो हवा भराले येऊन राह्यला, तुले धराले नाई."

भाऊंचा एक नियम होता. शनिवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, ते सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मगच डब्यात टाकायचे. मागून कोणी म्हणायला नको, माझी चिठ्ठी बदलली. सगळं उघड, सगळं साक्षीनं. शेजारच्या चहाच्या टपरीवर बसलेले पन्नास कान ते ऐकायचे. ह्या नियमामुळे भाऊंवर लोकांचा विश्वास होता, आणि तो खराही होता. भाऊंनी कधी कोणाला एका पैशाला फसवलं नाही.

पण त्याच नियमानं एक गोष्ट व्हायची. चिठ्ठी वाचली जाणार, म्हणजे आपण कोणावर पैसा लावला हे साऱ्या तालुक्याला कळणार. मग सासरच्या गावची जोडी धावणार असेल, तर ती वगळायची कशी? लेक जिथे दिली त्या गावची? भाचीसाठी जिथे बोलणी चालू आहेत त्या गावची? ती जोडी चिठ्ठीत यायचीच. सोयऱ्यांची जोडी.

राइस मिलमधल्या एका हमालाची चिठ्ठी लिहिताना मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"काय लिहू?"

"नदीकाठची पांढरी लिव. ब्रह्मपुरीकडून आलेली लाल लिव. इथली मिलवाल्याची लिव. आन माह्या सासरची."

"सासरची जोडी मागच्या पटाला वाट सोडून बांधावर चढली होती ना?"

"चढली. मंग? नाई लिवली त बायको जेवाले वाढन का?"

टपरीवरून कोणीतरी ओरडलं, "तशी बी कुठी वाढते!"

हमालही हसला. रुपया ठेवून गेला. त्या रविवारी त्याच्या तीन जोड्या आल्या आणि सासरची गेली. सोमवारी तो दुकानात आला तेव्हा हरलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. चेहरा फुललेला. "एकीनं गेली, पोट्ट्या! एकीनं!" जणू त्याला कोणी बक्षीस देता देता हात मागे घेतला होता. लगेच पुढच्या पटासाठी दोन रुपये काढले.

असं दर सोमवारी व्हायचं. तीन आल्या, एक गेली, असं सांगणारे इतके, की मला वाटायला लागलं, ह्या लोकांचं नशीब खरंच जवळ येऊन थांबलंय. मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी फरशीवर छर्रे आणि नट मांडून बसलो. छर्रा म्हणजे जोडी आली, नट म्हणजे गेली. चार शर्यतींचे निकाल किती तऱ्हेनं लागू शकतात ते ओळीनं मांडत गेलो. सोळा ओळी झाल्या. सोळाच. पुन्हा मांडल्या, सोळाच.

त्यांत चारही छर्रे असलेली ओळ एक. तीन छर्रे आणि एक नट असलेल्या ओळी चार. म्हणजे जिंकणारा एक असेल, तर 'एकीनं गेली' म्हणणारे चार असणारच. त्यात नशीब जवळ आल्याचा काही संबंध नाही. ते तसं असतंच. पण त्या चौघांना कोण सांगणार? उलट तेच चौघं पुढच्या शनिवारी पहिले येतात.

मग पैशाचं मांडलं. एकेरीत दोघांनी दोन बाजूंना रुपया-रुपया लावला, तर भाऊंकडे दोन येतात, एक ऐंशी जातात, वीस पैसे राहतात. रुपयामागे दहा पैसे. दुकान चालवणाऱ्यानं तेवढे घ्यावेत, माझी काही तक्रार नव्हती. पण चौकडीच्या सोळा ओळींवर सोळा जणांनी रुपया-रुपया लावला, तर सोळा येतात, दहा जातात आणि सहा राहतात. रुपयामागे साडेसदतीस पैसे. लोकांना वाटतं, एका रुपयात चार शर्यतींची मजा. खरं म्हणजे प्रत्येक शर्यतीत भाऊंचा वाटा निघतो, आणि उरलेल्यातून पुढच्या शर्यतीत पुन्हा निघतो. आणि हे झालं चारही जोड्या तोडीस तोड असतील तेव्हा. सोयऱ्यांची थकलेली जोडी धरली, तर सोळात एकदाचा हिशेबही खरा नाही, त्याहून कमीच.

मी छर्रे पटकन डब्यात भरले. काहीतरी चोरल्यासारखं वाटत होतं. ज्या माणसानं मला बाकड्यावरून उठवलं नाही, त्याच्याच ताटाखाली मी वाकून पाहिलं होतं. मी कोणाला काही बोललो नाही. लिहीत राहिलो.

खानावळीच्या बाईही चौकडी लावायच्या. दर पटाला एक रुपया. बाईमाणसानं दुकानात येऊन चिठ्ठी लिहिणं बरं दिसत नाही, म्हणून माझ्या दुपारच्या डब्यात भाकरीखाली कागद असायचा आणि त्यात गुंडाळलेला रुपया. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. घर बौद्धांचं. भिंतीवर एक तसबीर, तिच्यापुढे सकाळी मेणबत्ती लावायची आणि मग चुलीकडे वळायचं. एकुलती लेक दहावीपर्यंत शिकवलेली, पोंभुर्ण्याकडच्या एका गावात दिलेली. त्या गावची एक जोडी होती. एके काळी नावाजलेली, आता डावा बैल थकलेला. तीन पटांत एकदा आली तर आली. बाईंच्या चिठ्ठीत ती कायम असायची.

जानेवारी सरता सरता लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं म्हणायचं, पण त्याआधी एक पोटातच गेलं होतं. नर्सबाई तपासून गेल्या आणि म्हणाल्या, इथे नको, चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात न्या, लागलं तर पोट उघडावं लागेल. बाईंनी तेव्हापासून पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. जेवणारे हातावर पैसे ठेवत, त्यातले काही चुलीमागच्या डब्यात जात. हे मला ठाऊक होतं, कारण दर दोन-तीन दिवसांनी मलाच त्या मोजायला लावायच्या.

मोसमातला शेवटचा मोठा पट फेब्रुवारीत होता. त्या शुक्रवारी माझ्या डब्यात कागद जाड लागला. उघडला तर आत एकशेवीस रुपये. शंभराची एक नोट, बाकी रुपया-दोनाच्या. कागदावर चार जोड्या, चौथी लेकीच्या गावची.

मी डबा झाकला, कागद खिशात घातला आणि तसाच खानावळीत गेलो. जेवणारे निघून गेले होते. बाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. लेक आत झोपली होती.

"बाई, हे काय आहे?"

"हळू बोल. ते उठन." त्यांनी सूप हलवलं. "चंद्रपूरले एकशेवीसमंधी काय होते? जीपवाल्याले द्या, औषधाले द्या, रक्त लागलं त त्याले द्या. अपुरे पैसे अन नसलेले पैसे, सारखेच. बाराशे आले म्हंजे कोनापाशी हात पसराले नको."

"आणि नाही आले तर?"

"मागच्या तीन पटाईले काय झालं मालूम हाय ना तुले? तीन आल्या, एक गेली. तिन्ही बारी. लगित जवळ येऊन राह्यली. आता येते."

मला त्यांचा राग आला नाही. आजही येत नाही. एकशेवीस रुपयांनी गरज भागणार नसेल, तर ते जपून तरी काय करायचं, असं ज्याला कधी वाटलं नाही त्याच्यापाशी गरजेपुरते पैसे नेहमी होते, एवढंच. पण ती लेक आत कुशीवर झोपलेली होती. हा पैसा गेला, तर जीपही नव्हती.

मी भाऊंचं मीठ खाल्लं होतं आणि ह्या बाईंचा भात. त्या क्षणी भाऊंचा विचार आला नाही असं नाही. आला. तरी मी खाली बसलो आणि सुपातलं मूठभर उचललं. निवडून बाजूला टाकलेलं, टरफलासकटचं धानही होतं.

"तांदूळ म्हणजे आली. धान म्हणजे गेली," मी म्हणालो आणि पाटावर ओळी मांडायला लागलो.

मी हळू, अडखळत सांगत होतो. पाचव्या-सहाव्या ओळीला त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पुढच्या ओळी स्वतः मांडल्या, माझ्यापेक्षा झरझर. सोळा झाल्यावर थांबल्या. बोटानं चार तांदळांची ओळ दाखवली. मग एकेक धान असलेल्या चार ओळी.

"हे माह्या तीन बाऱ्या." 

"हो. ह्या जास्तच येतात. जवळ आली म्हणून नाही. ह्या आहेतच चार."

"आन सोळा रुपये घेऊन भाऊ देते किती?"

"दहा."

बाईंनी सोळा ओळींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे सोळा जनाईचे पैसे घ्याचे, आन दहाच जनाईचं रांधाचं. मी असं केलं त लोक माही चूल फोडतीन."

एवढं सोपं करून मला स्वतःलाही सांगता आलं नव्हतं. वाटलं, झालं. पण बाईंनी तांदूळ गोळा केले आणि डोक्याला हात लावला.

"समजलं मले. पन जावयाच्या गावची जोडी कशी सोडू? उद्या भाऊ वाचतीन, तिकडचे चार जन टपरीवर असतेच. सांगतीन त्याले, तुझ्या सासूनं या बारीले तुमची जोडी नाई लिवली. पोट्टी इथी पोटुशी, आन मी तिच्या सासरची जोडी सोडू?"

तालुक्यात मी एकटाच असा होतो, ज्याला कोणत्याच गावची जोडी सोयरी नव्हती. गणित करणं मला सोपं गेलं, ते त्यामुळेच. मला लाज कोणाची होती?

मी उठणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "चौकडीच लावली पाहिजे, असं कोनी म्हनलं?"

"म्हणजे?"

"त्याईची एकटीचीच लिव ना. एकेरी. दोन रुपये. मान बी राह्यला, डबा बी राह्यला." एकशेवीसमधले एकशे अठरा त्यांनी पुन्हा चुलीमागच्या डब्यात टाकले, आणि डबा माझ्याकडेच दिला. "हे तू ठेव. माह्यापाशी राह्यले त उद्यापावतर माहं मन फिरन."

शनिवारी भाऊंनी चिठ्ठ्या वाचल्या. बाईंच्या चिठ्ठीवर थबकले. "खानावळ. एकेरी. दोन रुपये." जोडीचं गाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं. टपरीवर कोणीतरी म्हणालं, "वा, सासूनं डबल मान देल्ला!" दुसरा म्हणाला, "म्हातारीले आता दुसऱ्याईवर भरोसा नाई राह्यला." हशा झाला आणि पुढची चिठ्ठी निघाली.

रविवारी मी पटावर होतो, सायकली सांभाळायला. दुपारभर धूळ, जिलेबीचा वास, बांधांवर रांगेनं बसलेल्या बाया. बाईंनी आधी लिहिलेल्या चार जोड्या मला पाठ होत्या. नको असताना पाठ होत्या.

पांढरी आली. मी स्वतःला म्हटलं, ठीक, निम्म्या वेळा येतेच. लाल आली, अर्ध्या मानेनं. मिलवाल्याची जोडी तर दुसरी जोडी निशाणाआधीच बिचकली म्हणून आली. तीन आल्या. चौथीला तो थकलेला डावा बैल छकड्याला जुंपलेला दिसला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून एखाद्या मुक्या जनावराचं वाईट चिंतलं. पड, म्हटलं. बांधावर चढ.

तो पडला नाही. छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्यानं काय हाक घातली देव जाणे, म्हातारा बैल असा सुटला की माणसं उभी राहिली. त्या गावचे लोक टोप्या उडवत मैदानात घुसले. मी एका सायकलीच्या सीटवर डोकं टेकवून उभा होतो. बाराशे रुपये. माझ्या शहाणपणानं घालवलेले.

त्या दिवशी मी खानावळीत गेलो नाही. सोमवारी डबा आला, पण दुसऱ्याच्या हातून आला. तो मी तसाच ठेवला. भाऊ हिशेब करत बसले होते. मला राहवलं नाही. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. छर्रे, तांदूळ, एकशेवीस रुपये, सगळं. शेवटी म्हणालो, "मी माझं सामान बांधतो."

"काय सामान हाय तुझं? एक सदरा." भाऊंनी पेन्सिल कानावर ठेवली. "सोळा ओळी तू एकट्यानं मांडल्या?"

"हो."

"मले ते समजाले सहा वर्सं लागली. आन दीड एकर लागली." त्यांनी हिशेबाची वही मिटली. "मी बी लावनाराच होतो आधी. माह्या सासऱ्याची जोडी लय लंगडी होती." मग एकदम हसले. "अबे, तिनं चौकडी लावली असती त मले बाराशे द्या लागले असते! आन तू म्हनतं, मी सामान बांधतो. बस तिथी, पंक्चर काढ."

मी बसलो. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "शिकवाचं असन त दुकानात नको शिकवू. तिकडं चुलीपाशी शिकव."

संध्याकाळी बाई स्वतः दुकानात आल्या. त्या दुकानाची पायरी चढलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. माझा न उघडलेला डबा त्यांनी उचलून पाहिला.

"जेवाले काय झालं तुले?"

मी हातातली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला लागलो.

"राग आला होता मले," बाई म्हणाल्या. "खोटं काहाले बोलू? काल रातभर तुले शिव्या देल्या. आज तांदूळ निवडतानी मंग वाटलं, त्या सोळाईमंधी एक ओळ चारी तांदळाईची होतीच ना? तूच त मांडली होती. ते कधी त येनारच. म्हनून काय बाकीच्या पंधरा खोट्या झाल्या?" त्यांनी भाऊंकडे हात पुढे केला. "माहे तीन रुपये साठ पैसे."

भाऊंनी मोजून दिले. बाराशे कुठे आणि तीन साठ कुठे. पण बाईंनी ते पैसे पदराच्या गाठीत असे बांधले, की टपरीवरच्या कोणाला हसायचं धाडस झालं नाही.

लेकीला कळा सुरू झाल्या त्या दिवस भरण्याआधीच, एका पहाटे, धुकं पडलेलं असताना. बाईंनी दार वाजवलं ते माझं. मी भाऊंना उठवलं, भाऊंनी जीपवाल्याला उठवलं. तो पैसे आधी मागणारा माणूस. मी डब्यातून काढून त्याच्या हातावर ठेवले, आणि आम्ही निघालो. बाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन मागे, मी पुढे. चंद्रपूरपर्यंतचा रस्ता मी जीपच्या काचेतून पाहिला नाही, मागे वळून त्या पोरीच्या चेहऱ्याकडेच बघत होतो.

पोट उघडावं लागलं. रक्त लागलं. माझं घ्या म्हणालो, तर डॉक्टरांनी विचारलं, मलेरिया झाला होता का? झाला होता. मला बाजूला बसवलं. मग दुपारी गावाहून जावई पोचला आणि त्यानं दिलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. औषधाला, सलाइनला, चहाला असे पैसे जात राहिले आणि तिसऱ्या दिवशी डब्यात सव्वाचार रुपये उरले. पुरले म्हणायचे. कसे पुरले ते बाईंना माहीत. त्या औषधाच्या दुकानदाराशी कशा भांडल्या, ते मी ऐकलंय.

त्याच दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात जावई आम्हा दोघांजवळ येऊन बसला. दंडावर सुईची जागा अजून काळीनिळी. चांगला पोरगा होता, पण पटाचा विषय त्याच्या पोटात राहत नव्हता.

"मामी, तुमी आमची एकेरी लावली म्हने. गावात सारे सांगून राह्यले. लय मान देल्ला तुमी." मग जरा खोचक हसून म्हणाला, "पन त्या दिवशी चौकडी लावली असती ना, त बाराशे आले असते! चारी आल्या होत्या. कोनं सांगितलं तुमाले एकेरी लावाले?"

मी जमिनीकडे बघायला लागलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कोनी नाई," त्या म्हणाल्या. "माहंच डोकं." मग डब्यातले सव्वाचार रुपये त्यांनी जावयाच्या हातावर ठेवले. "जा, पोट्टीसाठी दूध घेऊन ये. आन येतानी या तिच्या भावासाठी काही खाले आन. तीन दिवस झाले, सारखा भेऊन भेऊन बसला हाय. काही खाल्लंच नाई त्यानं."

जावई उठला. मी नको म्हणत होतो. पण तो दूध आणि दोन गरम समोसे घेऊन आला, आणि ते मी सगळ्यांच्या देखत, त्या व्हरांड्यात बसून, खाल्ले.